चित्रें चाळण्याची पेटी

चित्रांच्या प्रदर्शनांत पाऊल टाकतांच जी पाटी प्रथम दृष्टीस पडते ती बहुधा ठरलेली असते : ‘कृपया चित्रांना हात लावूं नये.’ पाटी योग्यच असते. परंतु तिचा परिणाम असा होतो कीं, वडील हात पाठीशीं बांधून चालतात, आई मुलांचे हात आपल्या हातांत घट्ट धरून ठेवते आणि सर्व मंडळी भिंतीपासून चार पावलें दूर राहून दालनाला प्रदक्षिणा घालते. चौकटीच्या कोपऱ्यांतील किंमतीची चिठ्ठी वाचली जाते आणि मंडळी मुकाट्यानें पुढें सरकते. मग दाराजवळ एका मेजावर ठेवलेल्या लांकडी पेटीपाशीं तीच मंडळी थबकते. पेटींत लहान आकाराचीं चित्रें एकामागें एक उभीं असतात. पाठीमागें बांधलेले हात आपोआप पुढें येतात. पहिलें चित्र पुढें कलतें, दुसरें दिसतें. दुसरें कलतें, तिसरें दिसतें. मुलगी एका चित्रावर बोट ठेवते, आईला दुसरें आवडतें, क्षणभर गोड वाद होतो, आणि अखेरीस एक चित्र कागदांत बांधून घरीं जातें.

ही पेटी दिसायला अगदीं साधी. भाजीच्या टोपलीकडे जितक्या लक्षानें पाहावें तितक्याच लक्षानें लोक तिच्याकडे पाहतात. परंतु होतकरू चित्रकाराच्या संसारांत तिचें स्थान मोठें आहे. भिंतीवरील मोठें चित्र विकलें जाईल तेव्हां जाईल; दालनाचें भाडें, रंग, कागद आणि गाडीखर्च यांची तोंडमिळवणी पुष्कळदां पेटींतील लहान चित्रांनींच होते. शिवाय ज्या घरांत मूळ तैलचित्र कधींच येणार नाहीं, त्या घरांत चांगलें चित्र येण्याचा मार्गहि हाच. म्हणूनच ही पेटी कशी असावी, ती कोठें मिळते आणि घरीं कशी करतां येते, याचा विचार करणें व्यर्थ होणार नाहीं.

पेटीचा विचार करण्यापूर्वीं तींत काय ठेवावयाचें आहे हें पाहिलें पाहिजे. कारण पात्राचा आकार पदार्थावरून ठरतो. महाराष्ट्रांत छापील चित्रें घरोघर पोंचलीं तीं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानें पुण्यांत १८७८ सालीं चित्रशाळा निघाली, आणि १८९४ सालीं राजा रविवर्म्यानें मुंबईंत आपला छापखाना काढला. त्या छापखान्यांतील लक्ष्मी आणि सरस्वती आजहि कित्येक देवघरांत आहेत. परंतु असलीं जुनीं चित्रें नीट पाहिलीं तर पुष्कळांची एकच तक्रार आढळते. कागद तपकिरी पडलेला असतो, आणि कोठें कोठें तो कांचेला चिकटून रंगासह निघून आलेला असतो. याचें कारण त्यांची तसबीर करण्याची पद्धत. चित्र थेट कांचेला लावावयाचें आणि पाठीमागें देवदारी फळी ठोकावयाची, अशी ती रीत. पावसाळ्यांत कांचेच्या आंतील बाजूस दंव धरलें कीं तें सरळ कागदांत मुरे, आणि फळींतील आम्ल वर्षानुवर्षें कागदांत उतरत राही.

या दोन्ही दोषांवर उपाय म्हणजे चित्राभोंवतीं बसविलेली जाड पुठ्ठ्याची किनार. आपल्याकडील तसबीरवाले तिला माउंट म्हणतात. हा पुठ्ठा सुमारें दीड मिलिमीटर जाड असतो. त्याच्या मध्यें चित्राच्या मापाची खिडकी कापलेली असते आणि तिची कड पंचेचाळीस अंशांत तिरपी असते. पुढें चौकट केली कीं या पुठ्ठ्याच्या जाडीमुळें कांच चित्रापासून दूर राहते. डोळ्यांच्या दृष्टीनेंहि या किनारीचा उपयोग आहे. गर्दीच्या रस्त्यावरील घरापुढें थोडें अंगण असावें, तशी ती चित्राला मोकळी जागा देते. मात्र पुठ्ठा आम्लरहित असला पाहिजे. हलक्या लगद्याचा पुठ्ठा कांहीं वर्षांत स्वतः पिवळा पडतो आणि खिडकीच्या कडेलगत चित्रावर तपकिरी रेघ उमटवितो. ती रेघ मग जात नाहीं.

चित्र माउंटला चोहों बाजूंनीं डकवूं नये. कागद दमट हवेंत फुगतो व कोरड्या हवेंत आकसतो. चारी कडा जखडल्या तर त्याला सुरकुत्या पडल्यावांचून राहत नाहींत. म्हणून जाणते लोक वरच्या कडेला पातळ जपानी कागदाचे दोन तुकडे गव्हाच्या सत्त्वाच्या खळीनें लावून चित्र पाठीच्या पुठ्ठ्याला टांगतें ठेवतात. त्यावर माउंट, आणि सर्वांवर पारदर्शक पिशवी. याप्रमाणें कागद, माउंट, पाठ आणि पिशवी मिळून एक नग तयार होतो. नगांचीं बाहेरचीं मापें बहुधा ठराविक ठेवतात : ८ × १० इंच, ११ × १४ इंच, किंवा १६ × २० इंच. कारण या मापांच्या तयार चौकटी बाजारांत मिळतात आणि घेणाऱ्याला वेगळी चौकट करवून घेण्याचा खर्च पडत नाहीं.

आतां पेटीचें सारें शास्त्र थोडक्यांत सांगतां येतें. गिऱ्हाइकाचा हात चित्रापर्यंत पोंचला पाहिजे, पण चित्राला लागतां कामा नये. पुढें येणारें प्रत्येक माप आणि प्रत्येक खबरदारी या दोन गरजांतूनच निघालेली आहे.

ही युक्ति नवी नव्हे. तिचें जगप्रसिद्ध उदाहरण पॅरिस शहरांत पाहावयास मिळतें. तेथें सीन नदीच्या दोन्ही कांठांवर जुन्या पुस्तकांचे व चित्रांचे विक्रेते आहेत. नदीकांठच्या दगडी कठड्यावर त्यांच्या गडद हिरव्या रंगाच्या पेट्या पक्क्या बसविलेल्या असतात. त्यांची संख्या नऊशेंच्या आसपास आहे. पूर्वीं या विक्रेत्यांना रोज सायंकाळीं आपला माल वाहून न्यावा लागे. १८९१ सालीं पेट्या रात्रीं कठड्यावरच ठेवण्याची त्यांना परवानगी मिळाली. पेटीची रचना विचारपूर्वक केलेली आहे. झांकण वर उचललें कीं तें मागच्या बाजूस उभें राहून छपराचें काम करतें, आंतील जुनीं कोरीव चित्रें येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाताशीं येतात, आणि सायंकाळीं तेंच झांकण खालीं ओढून कुलूप घातलें कीं दुकान बंद होतें. १९२४ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०२४ सालीं, पॅरिसमध्यें पुन्हां ऑलिंपिक सामने भरावयाचे होते. त्यांच्या उद्घाटनासाठीं यांपैकीं पुष्कळ पेट्या हलविण्याचा घाट सरकारनें घातला होता. विक्रेत्यांनीं आणि नागरिकांनीं विरोध केला, आणि त्याच वर्षीं फेब्रुवारींत तो बेत सोडून देण्यांत आला. लांकडाच्या पेट्यांसाठीं एवढें मोठें शहर कां हळहळलें, हें ज्यानें अशी एखादी पेटी चाळली असेल त्याला सांगावयास नको.

मुंबईंत १९५२ सालीं जहांगीर कलादालन उभें राहिलें. त्याच्या बाहेरील पदपथावर चित्रें मांडणाऱ्या चित्रकाराला असा कायमचा कठडा लाभलेला नसतो. त्याला पेटी खांद्यावर न्यावी लागते, लोकलच्या गर्दींतून सांभाळावी लागते, आणि अवचित सर आली तर क्षणांत झांकावी लागते. तेव्हां पेटी हलकी, घडीची आणि स्वस्त असावी हें ओघानेंच आलें.

तयार वस्तूंपैकीं कांहीं उत्तम उपयोगीं पडतात. ग्रामोफोनच्या मोठ्या तबकड्यांचीं वेष्टनें सुमारें साडेबारा इंच चौरस असतात. त्यामुळें जुन्या तबकड्यांच्या दुकानांतील लांकडी खण ११ × १४ इंचांच्या उभ्या नगांना जणूं मापूनच केल्यासारखे बसतात. जुन्या बाजारांत असे खण अधूनमधून दिसतात. फळांचीं देवदारी खोकीं फुकटांत जमा म्हणावीं इतकीं स्वस्त. पण त्यांच्या कुसळांनीं व डोकावणाऱ्या खिळ्यांनीं पिशव्या फाटतात, म्हणून खोकें आंतून घासून त्याला जाड कापडाचें अस्तर लावल्यावांचून वापरूं नये. पत्र्याची जुनी ट्रंक पावसापासून रक्षण करण्यांत सर्वांत श्रेष्ठ, आणि तिचें झांकण पॅरिसच्या पेटीप्रमाणें पाठीस उभें राहतें. मात्र तिच्या भिंती सरळ उभ्या असल्यानें चित्रें चाळतांना उघडत नाहींत. तळाशीं दोन्ही बाजूंस तिरप्या फळ्या बसविल्या कीं हा दोष जातो.

हा भिंतींच्या उतराचा मुद्दाच पेटीचें मर्म आहे. सरळ भिंतींच्या खोक्यांत नग दाटीनें उभे राहतात, एक उपसून काढल्याखेरीज दुसरा दिसत नाहीं, आणि उपसतांना पिशव्या एकमेकींवर घासतात. याउलट पेटी खालीं अरुंद व वर रुंद असली कीं नग पुस्तकाच्या पानांसारखे आपल्या खालच्या कडेवर पुढें-मागें झुलतात. उचलावें लागत नाहीं. नुसतें कलवावें लागतें.

११ × १४ इंचांच्या पंचवीस उभ्या नगांसाठीं सुताराला पुढील मापें द्यावीं. एक नग सुमारें साडेतीन मिलिमीटर जाड धरला तर पंचवीस नगांची थप्पी साडेतीन इंच होते. तळ पांच इंच रुंद ठेवावा, म्हणजे दीड इंच मोकळा राहतो. पाठीची फळी दहा इंच उंच असावी आणि त्या उंचींत ती पावणेतीन इंच मागें झुकावी. पुढची फळी सात इंच उंच असून अडीच इंच पुढें कलावी. आंतील लांबी बारा इंच, म्हणजे नगाच्या दोन्ही अंगांस अर्धा अर्धा इंच जागा सुटते. पाठ याहून फार झुकविली तर मागच्या नगांवर पुढच्यांचा भार पडून पुठ्ठे धनुष्यासारखे वांकतात. फार सरळ ठेवली तर सगळी थप्पी एकदम गिऱ्हाइकाच्या अंगावर येते. तळावर बनातीची पट्टी डकवावी; तिच्यामुळें नग घसरत नाहींत. साहित्य चांगल्या प्लायवूडचें घ्यावें. दाबलेल्या भुशाच्या फळ्या स्वस्त असतात, पण ओल लागली कीं फुगतात.

आडव्या चित्रांचा प्रश्न बहुतेक नवशिक्यांना नडतो. उभ्या नगांच्या पेटींत आडवीं चित्रें बसत नाहींत, आणि तीं उभीं करून कोंबलीं तर पाहणाऱ्याला मान वांकडी करावी लागते. पेटी पंधरा इंच लांब केली तर आडवीं नीट बसतात, पण उभीं इकडेतिकडे सरकूं लागतात. यावर खरा तोडगा एकच : दोन पेट्या, किंवा एका लांब पेटींत मध्यें पडदी. निरनिराळ्या मापांचे नगहि एकत्र ठेवूं नयेत. मोठ्याच्या मागें लहान दडला कीं तो दिवसभर कोणाच्याहि दृष्टीस पडत नाहीं.

घडीची पेटी हवी असेल तर तिचा नमुना बहुतेक घरांच्या गच्चीवर किंवा ओसरीवर असतो. तो म्हणजे कॅनव्हासची आरामखुर्ची. दोन लांकडी चौकटी मधोमध खिळीनें जोडून पोथीच्या ठवणीप्रमाणें उघडाव्या, आणि वरच्या दोन दांड्यांमध्यें कॅनव्हासची झोळी बांधावी. अशी पेटी मिटली कीं काखेंत मारून नेतां येते. तिचा दोष असा कीं झोळीला पोट सुटतें आणि सर्व नगांच्या खालच्या कडा मध्याकडे घसरून दुमडतात. म्हणून झोळीच्या तळाशीं पांच इंच रुंदीची सपाट फळी अवश्य टाकावी. पंचवीस नगांचें वजन सुमारें चार किलो भरतें, आणि १६ × २० इंचांचे नग असतील तर आठ किलोंच्या घरांत जातें. तेव्हां खीळ आणि दोर मजबूत हवे. उघड्या जागीं वाऱ्यानें पेटी कलंडूं नये यासाठीं पायांच्या आडव्या दांडीवर वजन ठेवावें.

पेटी किती उंचीवर असावी ? जमिनीवर ठेवलेल्या पेटींतील उत्तम चित्रेंहि न विकतां राहतात, कारण वांकून चित्र पाहण्याचें कष्ट फारसें कोणी घेत नाहीं. नगांची वरची कड उभ्या माणसाच्या कोपराशीं यावी. त्यासाठीं पेटीचा तळ जमिनीपासून पंचवीस ते सव्वीस इंच उंच ठेवावा. नेहमींच्या जेवणाच्या मेजापेक्षां ही उंची थोडी कमीच आहे.

येथवर हात चित्रापर्यंत पोंचला. आतां तो चित्राला लागूं नये यासाठीं पिशवीकडे पाहिलें पाहिजे. पिशवी पॉलिप्रॉपिलीनची असावी. पीव्हीसीची जाड पिशवी दिसायला भारदस्त असते, परंतु कालांतरानें ती चिकट होते आणि छापाची शाई तिला धरते. पिशवी बंद करण्याचा गोंद तिच्या झडपेवर असला तर चित्र बाहेर काढतांना तें त्याला चिकटण्याचा संभव असतो. म्हणून गोंद पिशवीच्या अंगावर असलेला प्रकार निवडावा. कोंकणपट्टींत व मुंबईंत पावसाळ्याच्या दिवसांत नग पिशवींत भरूं नयेत. दमट हवा चित्राबरोबर कोंडली गेली तर बुरशीला घर मिळतें. नग शक्यतों उन्हाळ्याच्या कोरड्या दिवशीं भरावे, पेटी भिंतीला टेकवून ठेवूं नये, आणि महिन्यांतून एकदां सर्व नग काढून तळ झाडून घ्यावा. कारण कसर आणि वाळवी यांना अंधार, ओल व न हललेला कागद या तिन्ही गोष्टी प्रिय आहेत. पेटी उन्हांतहि ठेवूं नये. पुढच्या चित्राचे रंग उडतात आणि मागच्यांचे राहतात, व विक्रेत्याला त्याचा पत्ता उशिरां लागतो.

पेटींतील चित्रें चाळतांना एक गंमत घडते. नग पुढें कलला कीं त्याची पाठ पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येते. चतुर चित्रकार याचा फायदा घेतो आणि चित्राचें नांव, आपलें नांव, कृतीचा प्रकार व किंमत पाठीच्या वरच्या भागांत स्वच्छ अक्षरांत लिहितो. चित्राच्या तोंडावर चिठ्ठी लावावी लागत नाहीं आणि किंमत विचारण्याचा संकोचहि गिऱ्हाइकाला पडत नाहीं. आपल्याकडील मध्यमवर्गीय माणूस किंमत विचारण्यास फार लाजतो; विचारल्यावर घेतलेंच पाहिजे असें त्याला वाटतें. लिहिलेल्या किंमतीनें त्याची ही अडचण दूर होते.

परंतु या चिठ्ठीवर सर्वांत महत्त्वाची गोष्ट कृतीचा प्रकार ही होय. लांकडी ठशावरून, तांब्याच्या पत्र्यावरून किंवा शिळेवरून चित्रकारानें स्वतः काढलेला छाप ही मूळ कलाकृति असते. तिच्या खालीं पेन्सिलीनें सही व ७/५० असा आंकडा असतो. त्याचा अर्थ पन्नास प्रतींपैकीं सातवी. याउलट तैलचित्राचें छायाचित्र घेऊन शाईच्या यंत्रावर काढलेली प्रत ही प्रतिकृति होय. ती घेण्यांत कांहीं कमीपणा नाहीं. रविवर्म्याचीं चित्रें घरोघर गेलीं तींहि मूळ तैलचित्रांच्या छापील प्रतींच्या रूपानेंच. पण दोन्हींची किंमत एक असूं शकत नाहीं, आणि माउंट व पिशवी यांच्या आड दोन्ही सारख्याच दिसतात. गिऱ्हाइकाला पिशवी उघडून कागद चाचपतां येत नाहीं. चित्राच्या रक्षणासाठीं त्याचा हात अडविला आहे. म्हणून जें त्याच्या बोटांना कळलें असतें तें चिठ्ठीनें खरें खरें सांगितलें पाहिजे. एकदां फसलेला गृहस्थ त्या एका चित्रकाराकडेच नव्हे, तर पुढील प्रत्येक पेटीकडे संशयानें पाहतो, आणि त्याचें नुकसान सर्वांना सोसावें लागतें.

चित्र घरीं आणल्यावर गृहस्थानेंहि थोडी काळजी घ्यावी. पिशवी हें प्रवासाचें वस्त्र आहे, घरांत नेसावयाचें नव्हे. चौकट करतांना पिशवी काढून टाकावी, माउंट मात्र काढूं नये, आणि तसबीर बाहेरच्या ओलसर भिंतीवर न लावतां आंतील कोरड्या भिंतीवर लावावी.

या पेटीचा आणखी एक उपयोग घरांतहि होण्यासारखा आहे. मुलांनीं काढलेलीं चित्रें बहुतेक घरांत गादीखालीं किंवा कपाटाच्या माथ्यावर पडून खराब होतात. आजी-आजोबांचीं जुनीं छायाचित्रें पत्र्याच्या डब्यांत एकमेकांना चिकटून जातात. पुठ्ठ्याची पाठ आणि पारदर्शक पिशवी देऊन तीं अशा पेटींत उभीं केलीं तर सुटीच्या दिवशीं सारें घर तिच्याभोंवतीं जमेल. जें चित्र डब्यांत बंद असतें तें असून नसल्यासारखें. जें हाताशीं असतें तें पाहिलें जातें, त्याच्याविषयीं बोललें जातें, आणि म्हणून तें जपलेंहि जातें. चार फळ्या, थोडी बनात आणि सुताराची अर्ध्या दिवसाची मजुरी एवढ्यांत हें साधतें.